लाकडी क्लॅरोनेट की प्लास्टिकचं? सोलापुरात घेताना

दोन्ही वाजवून बघितली की लाकडी क्लॅरोनेट हातातून सुटत नाही. खालच्या सुरांतली ती गोलाई प्लास्टिकच्या, म्हणजे एबीएसच्या वाद्यात मला तरी कधी सापडली नाही. पण वाद्य दुकानात राहणार नाही, सोलापुरात राहणार आहे. आणि इथे मे महिन्यात पारा सहज ४० च्या वर जातो.

चांगलं लाकडी क्लॅरोनेट आफ्रिकन ब्लॅकवूडचं असतं. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातलं, लाकूड पाण्यात बुडेल इतकं घट्ट. तरी ते तडकतं. फुंकर दमट असते, त्यामुळे नळी आतून ओल धरून फुगते आणि बाहेरून कोरडीच राहते. या ओढाताणीत चीर पडते, बहुधा वरच्या भागात. म्हणून नवं लाकूड रुळवावं लागतं. पहिले दोन आठवडे रोज १५-२० मिनिटंच वाजवायचं, मग हळूहळू वेळ वाढवायचा. मी एप्रिलात घेतलं आणि पहिल्याच रविवारी दोन तास वाजवत बसलो. महिनाभरात केसाएवढी चीर दिसली. दोष वाद्याचा नव्हता.

वाजवून झालं की आतून कापड ओढून ओल टिपायची. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, पण टॉवेलचा तुकडा नको, त्याचे धागे छिद्रांत अडकतात. जुन्या धोतराचं मऊ कापड उत्तम. उन्हाळ्यात लाकूड आकसून सांध्यावरची धातूची कडी सैल होतात, पावसाळ्यात सांधे फुगून घट्ट बसतात. तेव्हा जोर लावून पिळायचं नाही.

प्लास्टिकला हे रुळवणं नाही. पहिल्या दिवशी तीन तास वाजवा, नळीला काही होत नाही. किंमतही बरीच कमी. मात्र ‘प्लास्टिक आहे, काय होतंय’ म्हणून ओलं तसंच पेटीत ठेवलं तर पॅड, म्हणजे छिद्रं झाकणाऱ्या मऊ चकत्या, खराब होतात. ते दोन्हीकडे सारखेच. सांध्यांच्या बुचाला ग्रीस दोघांनाही लागतं आणि रीडचे, म्हणजे तोंडाशी बसवायच्या पातळ पट्टीचे, नखरेही तेच. उन्हात उभ्या गाडीत पेटी विसरलात तर पॅडचा डिंक मऊ होऊन पॅड जागचे हलतात. मग दुरुस्तीवाल्याकडे फेरी आलीच.

तुम्ही बँडमध्ये असाल, लग्नाच्या वरातीत नाहीतर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत रस्त्यावर वाजवणार असाल, तर प्लास्टिकचंच घ्या. त्या गर्दीत गोलाई ऐकायला कोण थांबतंय! घरी रोज बसणारा, नाट्यगीतांची ओढ असलेला माणूस असेल तर लाकडी, पण घाई नको. श्रावणात घ्या. हवेत ओल असते, लाकूड निवांत रुळतं, आणि मार्चचं ऊन येईपर्यंत सहा-सात महिने हाताशी राहतात.