हॉल घ्यायचा की लायब्ररीच्या भिंती मागायच्या? तरुण आर्टिस्टच्या प्रदर्शनाआधी एकदा वाचा

दोन-तीन दिवसांसाठी हॉल भाड्याने घ्यायचा की लायब्ररी, कॅफे, एखाद्या संस्थेचा पॅसेज असल्या ठिकाणी महिनाभर चित्रं लावायची, हे बहुतेक ग्रुप बजेट बघून ठरवतात. पैसा महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा, बघायला कोण येणार आणि दिवसभर तिथे बसणार कोण.

हॉलमध्ये उद्घाटनाला गर्दी असते, पण ती आर्टिस्टच्या घरच्यांची आणि मित्रांची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आणि तुमचा मोबाइल. लायब्ररीत उलटं, तिथे अनोळखी लोक रोज येतातच, फक्त ते चित्रांसाठी आलेले नसतात, त्यामुळे बरेच जण तसेच पुढे निघून जातात. म्हणून भिंती घेतल्या तरी एक संध्याकाळ सगळ्या आर्टिस्टना बोलवून आपापल्या कामाबद्दल बोलायला लावा, नाहीतर प्रदर्शन आहे हेच कुणाला कळत नाही. पहिल्यांदा करताय आणि हाताशी माणसं कमी आहेत तर माझं मत सरळ भिंतींच्या बाजूने आहे.

पण कामं कसली आहेत तेही बघा. शिल्प, इन्स्टॉलेशन (वस्तू जागेत मांडून केलेलं काम), आवाज असलेला व्हिडिओ असेल तर हॉलच, लायब्ररीत ते जमणारच नाही. वॉटरकलर, स्केचपेन, रंगीत पेन्सिल अशी कागदावरची कामं जास्त असतील तर महिनाभर खिडकीसमोर लावायचा विचार सोडा, उन्हाने रंग उडतात आणि ते परत येत नाहीत. म्युझियममध्ये कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड देतात, ऑफिसच्या टेबलावर 300 ते 500 असतो, यावरून अंदाज करा. तैलरंग, ॲक्रिलिक त्यामानाने टिकाऊ, तरी थेट ऊन त्यांनाही नकोच. हॉलमध्ये दोन दिवसांत रंगाला काही होत नाही, तिथली कटकट वेगळी, वरच्या ट्यूबलाइट काचेत अशा चमकतात की चित्राऐवजी स्वतःचं तोंड दिसतं.

लावण्याचं काम दोन्हीकडे लोक हलक्यात घेतात. हॉलमध्ये भिंतीला खिळा मारू देत नाहीत, मग पॅनल आणायचे, ते डुगडुगतात, आणि हातात एकच रात्र असते. लायब्ररीत निवांत लावता येतं, फक्त खिळे चालतील का हे आधी विचारून घ्या. उंचीचा हिशोब दोन्हीकडे सारखाच, चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांच्या आसपास. समजा फ्रेम 24 इंच उंच आहे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येते, तर 57 मध्ये निम्मी उंची म्हणजे 12 मिळवा, 3 वजा करा, खिळा 66 इंचांवर. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी असते म्हणून हे दर वेळी मोजायचं, नजरेने लावलं की ओळ वाकडी दिसते आणि मग रात्री बारा वाजता भांडणं.

आता कुणाचं काम घ्यायचं. हॉल मोठा असेल तर सगळ्यांना घेता येतं, भिंती मोजक्या असल्या की निवड आली आणि निवड आली की रुसवेफुगवे आले. हे जुनंच दुखणं आहे, पॅरिसमध्ये 1863 साली सलोन या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या परीक्षकांनी इतकी चित्रं नाकारली की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचंच वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं, आणि 1884 मध्ये तिथल्याच आर्टिस्टनी परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत अशी स्वतःची संस्था काढली. तरुणांसाठी मला मधला मार्ग बरा वाटतो: प्रत्येकाने तीन कामं द्यायची, प्रत्येकाचं एक तरी लागणार, कोणतं ते आयोजक ठरवणार. यात कुणी बाहेर राहत नाही आणि भिंतीची खिचडीही होत नाही.

विक्री हवी असेल तर हॉलचं पारडं जड. आर्टिस्ट शेजारी उभा असतो, बोलणं होतं, चित्र जातं. भिंतीवर नुसता नंबर लिहून ठेवला तर फोन करणारे कमीच. विकलं गेलं तर आयोजकांचा वाटा किती (किंवा काहीच नाही) हे आधी कागदावर घ्या, आणि चित्र विकलं म्हणून कॉपीराइट आपोआप जात नाही हे मुलांना सांगून ठेवा. अठराच्या खालचे असतील तर पालकांची सही, कामाचे फोटो टाकायचे असतील तर त्याचीही परवानगी.

भिंतींच्या बाबतीत एक धोका खरा आहे, तिथे राखायला कुणी नसतं. फ्रेम पडली, ओरखडा आला, कुणी उचलून नेली तर जबाबदारी कुणाची हे जागावाल्याकडून लिहून घ्या, तोंडी 'काही होत नाही हो' चालणार नाही. एखादा विषय किंवा नग्नचित्र त्यांना चालणार नसेल तर तेही आधीच विचारा, लावल्यावर उतरवायला सांगितलं की आर्टिस्टचा अपमान होतो.

उतरवण्याचा दिवस मात्र दोन्हीकडे फॉर्मवरच छापा. हॉलवाले त्याच रात्री बाहेर काढतात म्हणून काम आपोआप होतं, लायब्ररीत मात्र न नेलेली चित्रं महिनोन्‌महिने कपाटामागे पडून राहतात, त्यामुळे अमुक तारखेनंतर आम्ही जबाबदार नाही ही ओळ ठळक अक्षरात टाका आणि खाली सही घ्या.