‘एके १००’: कुरोसावाचा संच आणि त्यात नसलेला एक डॉक्टर

अमेरिकेतील ‘क्रायटेरियन कलेक्शन’ या, चित्रपटांच्या डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर, ‘एके १००’ हा डीव्हीडी-संच बाजारात आणला. कुरोसावाने दिग्दर्शित केलेल्या ३० चित्रपटांपैकी २५ त्यात आहेत. १९४३ चा ‘सान्शिरो सुगाता’ हा पहिला आणि १९९३ चा ‘मादादायो’ हा अखेरचा, अशी दोन्ही टोके एकाच खोक्यात सापडतात. सोबत एक सचित्र पुस्तक असून, त्यात स्टीफन प्रिन्स या अभ्यासकाने प्रत्येक चित्रपटावर लिहिलेल्या टिपा आणि डोनाल्ड रिची यांचा आठवणींचा लेख आहे. छापील किंमत ३९९ डॉलर होती. आता हा संच नवा सहज मिळत नाही. मिळालाच तर संग्राहकांकडून जुना घ्यावा लागतो, आणि तो घ्यावा का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

एका दिग्दर्शकाची समग्र कारकीर्द म्हणून या संचाची जाहिरात झाली आणि परीक्षणेही बहुधा त्याच अंगाने लिहिली गेली. माझ्या मते त्याचे खरे मोल निराळ्या ठिकाणी आहे. तोशिरो मिफुने या नटाने कुरोसावाबरोबर १६ चित्रपट केले आणि ताकाशी शिमुराने २१. १९४८ ते १९६५ या काळात कुरोसावाने १७ चित्रपट दिग्दर्शित केले, त्यांतील केवळ ‘इकिरु’मध्ये मिफुने नाही, आणि त्या एका चित्रपटाचा नायक शिमुरा आहे. म्हणजे सतरा वर्षांत या दोघांपैकी एकही पडद्यावर नाही, असा कुरोसावाचा एकही चित्रपट निघाला नाही. सत्यजित राय आणि सौमित्र चटर्जी यांच्या १४ चित्रपटांमुळे भारतीय प्रेक्षकाला अशा दीर्घ सहवासाची ओळख आहे. परंतु कुरोसावाकडे एका नटाऐवजी दोन नटांची जोडी होती, आणि या दोघांच्या पडद्यावरील नात्यात वर्षानुवर्षे जी अदलाबदल होत गेली, ती सुटे चित्रपट पाहून कळत नाही. ती कळण्यासाठी हे चित्रपट ओळीने आणि शक्य तितक्या कमी खंडाने पाहावे लागतात. संचाचा उपयोग येथे सुरू होतो.

मिफुने नट होण्यासाठी आलाच नव्हता. युद्धकाळात हवाई छायाचित्रणाच्या तुकडीत काम केलेल्या या तरुणाला तोहो या चित्रपट कंपनीत कॅमेरा विभागात जागा हवी होती. १९४६ मध्ये नव्या चेहऱ्यांच्या निवडचाचणीत तो उभा राहिला आणि त्याचा रागीटपणा पाहून परीक्षकांत दोन तट पडले. कुरोसावाचे गुरू काजिरो यामामोतो यांनी त्याची बाजू उचलून धरली. दोनच वर्षांनी आलेल्या ‘ड्रंकन एंजल’मध्ये कुरोसावाने त्याला क्षयाने पोखरलेल्या गुंडाची भूमिका दिली आणि त्या गुंडावर उपचार करणाऱ्या, त्याच्यावर खेकसणाऱ्या मद्यपी डॉक्टरची भूमिका शिमुराला. कथेचा नायक डॉक्टर होता, पण मिफुनेने चित्रपट जवळजवळ स्वतःकडे ओढून घेतला. कुरोसावाने आत्मचरित्रात लिहिले आहे की एखादा भाव पोहोचवायला इतर नटांना दहा फूट फिल्म लागत असे, तेथे मिफुनेला तीन फूट पुरत. हे वाक्य वाचून अनेकांना मिफुने म्हणजे निव्वळ वेग वाटतो. प्रत्यक्षात या चित्रपटात तो वेग शिमुराच्या संथ, कुरकुरणाऱ्या उपस्थितीवर आदळतो म्हणून दिसतो; समोर तसाच चपळ नट असता तर तो इतका जाणवला नसता.

‘स्ट्रे डॉग’मध्ये (१९४९) हेच नाते पोलीस खात्यात येते. बसमध्ये पिस्तूल चोरीला गेलेला नवखा मुराकामी आणि त्याला शांतपणे वळण लावणारा अनुभवी सातो. येथे शिमुरा रागावत नाही; आपल्या घरी नेऊन तरुणाला बिअर पाजतो, झोपलेली मुले दाखवतो आणि गुन्हेगाराविषयी फार कळवळा वाटू देऊ नये, असे बजावतो. ‘राशोमोन’मध्ये (१९५०) तर कुरोसावाने दोघांना जवळजवळ बोलूच दिलेले नाही. मिफुनेचा दरोडेखोर न्यायासनासमोर गुरगुरत असतो आणि शिमुराचा लाकूडतोड्या मागे, चौकटीच्या कडेला, गुडघे मोडून गप्प बसलेला असतो. पहिल्यांदा पाहताना त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आधीचे चित्रपट नुकतेच पाहिलेला प्रेक्षक मात्र त्याच्याकडेच पाहत राहतो.

‘सेव्हन सामुराई’ (१९५४) हे या नात्याचे शिखर आहे, आणि येथे थोडे थांबावे लागेल. मिफुनेला आधी क्यूझो या अबोल तलवारबहाद्दराची भूमिका द्यायची होती. पुढे सहा गंभीर योद्ध्यांमध्ये एक बेबंद माणूस हवा, असे ठरल्यावर किकुचियो जन्माला आला आणि क्यूझो सेइजी मियागुचीकडे गेला. शिमुराचा कांबेई आरंभी अपहृत मुलाला सोडवण्यासाठी डोके भादरून भिक्षूचा वेष घेतो. गर्दीतून मिफुने ते टक लावून पाहतो आणि नंतर लोचटासारखा त्याच्या मागे लागतो. पुढे, या योद्ध्यांना गावाच्या रक्षणासाठी आणणाऱ्या शेतकऱ्यांनी मेलेल्या सामुराईंची चिलखते लपवल्याचे उघड होते, तेव्हा किकुचियो शेतकऱ्यांच्या लबाडीवर आणि ती लबाडी त्यांना शिकवणाऱ्या सामुराईंवर एका दमात तोंडसुख घेतो. संतापाचे ते भाषण पुष्कळांना पाठ आहे. त्यानंतर कांबेई, डोळ्यांत पाणी आणून, तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस ना, असे जे विचारतो, त्या एका प्रश्नामुळे भाषणाला वजन येते. सहा वर्षे हे दोघे एकमेकांसमोर उभे राहत आले नसते, तर इतक्या लांब उद्रेकाचा शेवट इतक्या लहान वाक्यावर करण्याचे धाडस दिग्दर्शकाने केले असते, असे मला वाटत नाही.

लगेच पुढच्या वर्षी कुरोसावाने पाटी फिरवली. ‘आय लिव्ह इन फिअर’मध्ये ३५ वर्षांचा मिफुने अणुबॉम्बच्या धास्तीने कुटुंबासह ब्राझीलला स्थलांतर करू पाहणारा सत्तरीचा कारखानदार झाला, आणि त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला शिमुरा त्या म्हाताऱ्याच्या मनःस्थितीचा निवाडा करणारा, त्याच्याहून तरुण दंतवैद्य. मेकअप आज बटबटीत वाटतो, आणि मी हा चित्रपट मिफुनेच्या उत्तम कामांत धरणार नाही. तरीही ओळीने पाहणाऱ्याला ही उलटापालट हादरवते, कारण काल ज्याला वळण लावले जात होते तो आज बाप आहे, आणि त्याला समजून घेण्याची धडपड करणारा काल त्याचा गुरू होता.

येथून पुढे शिमुराच्या भूमिका हळूहळू लहान होत जातात. ‘योजिम्बो’, ‘हाय अँड लो’, ‘रेड बिअर्ड’ या चित्रपटांत तो काही मिनिटे दिसतो. त्याची जागा वेगळ्या अर्थाने तात्सुया नाकादाई घेतो. ‘सेव्हन सामुराई’त रस्त्यावरून नुसता चालत गेलेला हा तरुण ‘योजिम्बो’ (१९६१) आणि ‘सान्जुरो’ (१९६२) यांत मिफुनेचा प्रतिस्पर्धी होतो. ‘हाय अँड लो’मध्ये (१९६३) तो पोलीस अधिकारी आहे, आणि खंडणीच्या बॅगेत माग काढण्यासाठीचे कॅप्सूल लपवण्यासाठी मिफुनेचा उद्योगपती आपली जुनी चांभारकामाची हत्यारे काढून स्वतः चामडे शिवायला बसतो, तेव्हा नाकादाई काहीही न बोलता त्याच्याकडे पाहतो. नव्या नटाला असे बाजूला उभे करून पाहायला लावणे ही युक्ती शिमुराकडून आली आहे, हे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

स्त्रियांच्या बाबतीत कुरोसावाने इतका धीर धरला नाही. सेत्सुको हारा त्याच्याकडे दोनदाच आली. इसुझु यामादाने ‘थ्रोन ऑफ ब्लड’ व ‘योजिम्बो’ यांत दाखवलेली धार पाहिल्यावर तिच्यासाठी आणखी भूमिका लिहिल्या गेल्या नाहीत याची चुटपुट लागते. क्योको कागावा मात्र १९५७ च्या ‘लोअर डेप्थ्स’पासून ‘मादादायो’पर्यंत पाच वेळा दिसते.

आता वस्तूविषयी. या संचात पूरक चित्रफिती, मुलाखती वा समालोचनाचे ध्वनिमार्ग नाहीत. ‘क्रायटेरियन’च्या सुट्या आवृत्त्यांत ते विपुल असतात, त्यामुळे या किमतीला ही काटकसर अनेकांना खटकली. माझी तक्रार नाही, कारण नुसते चित्रपट हाती आल्यामुळे माणूस नटांकडे पाहतो, तज्ज्ञांकडे नाही. चित्रे डीव्हीडीच्या दर्जाची आहेत. यांतील कित्येक चित्रपट नंतर ब्लू-रेवर अधिक स्वच्छ रूपात आले, त्यामुळे मोठ्या पडद्यावर ‘थ्रोन ऑफ ब्लड’चे धुके पाहायचे असेल तर हा संच पुरा पडणार नाही. युद्धकाळातील सुरुवातीच्या चित्रपटांच्या मूळ प्रतीच झिजलेल्या आहेत. उपशीर्षके इंग्रजी आहेत, आणि तबकड्या उत्तर अमेरिकेच्या विभागाच्या असल्यामुळे भारतात सर्व विभाग वाचणारा प्लेअर लागतो. ‘कागेमुशा’ (१९८०) मात्र मूळ तीन तासांच्या रूपात आहे, आणि हे महत्त्वाचे आहे: परदेशी वितरणासाठी कापलेल्या आवृत्तीत म्हाताऱ्या शिमुराचे छोटे कामच गाळले गेले होते.

जे पाच चित्रपट नाहीत, त्यांत ‘रान’ (१९८५) नसल्याबद्दल सर्वाधिक ओरड झाली. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी उणीव ‘द क्वायट ड्युएल’ची (१९४९) आहे. मिफुने-कुरोसावा जोडीच्या १६ चित्रपटांपैकी संचात नसलेला हा एकच. त्यात मिफुने युद्धात शस्त्रक्रिया करताना रुग्णाकडून सिफिलिसची लागण झालेला तरुण डॉक्टर आहे, आणि शिमुरा त्याचा डॉक्टर बाप. चित्रपट स्वतंत्रपणे फार मोठा नाही. नाटकावरून घेतल्याच्या खुणा त्यात ठळक आहेत. पण ‘ड्रंकन एंजल’मध्ये शिमुराच्या हाताखाली रुग्ण असलेला मिफुने येथे त्याच्याच दवाखान्यात वारस होतो, आणि १९६५ च्या ‘रेड बिअर्ड’मध्ये तो स्वतः नव्या डॉक्टरांवर खेकसणारा वडीलधारा वैद्य होतो. मधली पायरीच नसल्यामुळे रुग्णापासून वैद्यापर्यंतचा हा प्रवास संचात एकदम उडी मारल्यासारखा दिसतो. ‘रेड बिअर्ड’ने मिफुनेला व्हेनिसमध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचा दुसरा पुरस्कार मिळवून दिला, पहिला ‘योजिम्बो’साठी होता, आणि दीर्घकाळ चाललेल्या त्या चित्रीकरणात त्याला खरी दाढी राखावी लागली. त्यानंतर मिफुने आणि कुरोसावा यांनी पुन्हा एकत्र चित्रपट केला नाही.

ज्यांच्याकडे पाचसहा सुटे कुरोसावा आधीच आहेत, त्यांनी जुन्या संचासाठी चढी किंमत मोजू नये. ज्यांना १९४८ ते १९६५ सलग पाहायचे आहे, त्यांनी तो रास्त भावात मिळाल्यास घ्यावा. त्यांनी ‘द क्वायट ड्युएल’ची निराळी निघालेली डीव्हीडीही मिळवावी आणि ‘ड्रंकन एंजल’ संपल्यावर, ‘स्ट्रे डॉग’ लावण्याआधी, ती पाहावी.