वूकॉमर्सचं दुकान मोबाइल अ‍ॅपला जोडणारं प्लगिन : माझा अनुभव

माझं मुलांच्या कपड्यांचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेस वेबसाइटवर दुकान चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. अ‍ॅप तयार करून देणाऱ्या एका प्लॅटफॉर्मला ते जोडण्यासाठी मी त्यांचंच प्लगिन (वेबसाइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरते.

जोडणी सोपी आहे. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये रेस्ट एपीआयची, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला दुकानाशी बोलू देणाऱ्या सोयीची की तयार करायची, तिला वाचण्या-लिहिण्याची परवानगी द्यायची आणि ती प्लगिनमध्ये भरायची. कीसोबत मिळणारं सीक्रेट (पासवर्डसारखा गुप्त कोड) एकदाच दिसतं, तेव्हा ते लगेच जपून ठेवा. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) ‘प्लेन’वर असतील तर आधी बदला, नाहीतर जोडणी होतच नाही.

खरी कसोटी साठ्याची. एकच फ्रॉक चार मापांत आणि तीन रंगांत, म्हणजे बारा व्हेरिएशन. वेबसाइटवर शेवटचा नग विकला गेला की अ‍ॅपवरही तो तत्काळ संपलेला दिसायला हवा, आणि इथे तो दिसतो. हे काम वेबहुक, म्हणजे दुकानात बदल झाला की समोरच्या सर्व्हरला आपोआप जाणारे निरोप करतात, म्हणून मला हे प्लगिन मनापासून आवडलं. मात्र अ‍ॅपच्या प्लॅटफॉर्मचा सर्व्हर निरोप घ्यायला लागोपाठ 5 हून अधिक वेळा चुकला, तर वूकॉमर्स तो वेबहुक स्वतःच बंद करतं. प्लगिन याची सूचना देत नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. गर्दीच्या दिवसांत मी वेबहुकची यादी स्वतः उघडून पाहते.

कूपन नीट चालतात. फोटो मात्र जड असतील तर अ‍ॅप रेंगाळतं.

की देताना तिच्यासाठी वेगळा युजर करा. पुढे प्लॅटफॉर्म बदलला तर तेवढीच की रद्द करता येते.