फुलेवाडीत घर बांधून घेतलं. काम पक्कं, तरी या ठेकेदाराचं नाव कुणाला सुचवणार नाही

कोल्हापुरात फुलेवाडी रिंग रोडला आमचं दुमजली घर या ठेकेदारानं बांधलं. पाचपैकी दोन तारे देतेय, आणि ते दोन्ही साईटवर राबलेल्या माणसांचे आहेत.

काम चांगलंच आहे. एवढ्या पावसात गच्चीला कुठं ओल नाही, गिलावा सपाट, सिमेंट-सळी ठरल्याप्रमाणे, हिशेबात घोळ नाही. आमचा गवंडी तर विटा नीट भिजल्याशिवाय हात लावत नसे. जिन्याखालची भिंत चढवताना त्यानं ओळंबा सोडला, एक थर जरासा बाहेर आलेला दिसला. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं चार थर उतरवले आणि पुन्हा रचले.

पहिला स्लॅब टाकल्यावर हाच माणूस दिसेनासा झाला. मुकादम आधी म्हणाला, गावाकडं गेलाय. मग आवाज खाली करून बोलला, "काकी, त्यो संघटनेचा हाय. वरच्या कामाला परांचीच्या फळ्या बदलून मागितल्या, बाकीच्यास्नीबी बोलायला लावलं. त्याचा फोटो ठेकेदारांच्या ग्रुपवर फिरलाय. आता त्याला कोण कामावर घेत न्हाई." ती परांची मी पाहिली होती. मधली फळी लांबीभर तडकलेली होती आणि तिच्यावरून पोरं घमेली घेऊन जात होती.

ठेकेदारानं काही लपवलं नाही. "मॅडम, एक युनियनवाला घेतला की सगळी साईट बिघडते. असल्यांची यादीच आहे आमच्यात."

मी बँकेत होते, युनियनची सभासद होते, म्हणून ब्रिटनमधलं प्रकरण मला ठाऊक होतं. तिथल्या ड्रॉइटविच गावातल्या एका कचेरीवर २००९ मध्ये छापा पडला, तेव्हा ३,२१३ बांधकाम कामगारांची कार्डं सापडली. चाळीसहून जास्त कंपन्या पैसे मोजून ती नावं तपासून घ्यायच्या. कार्डावर काय, तर हा युनियनचा आहे, यानं सुरक्षेची तक्रार केली. माणसाला वर्षानुवर्षं काम का मिळत नाही, ते त्याला कळायचंही नाही. २०१६ मध्ये आठ मोठ्या कंपन्यांना न्यायालयात माफी मागून भरपाई द्यावी लागली. इथं कार्डाऐवजी मोबाईल आहे, एवढाच फरक. कामगार संघटनांना आपल्याकडे १९२६ पासून कायद्याची मान्यता आहे. पण नाक्यावरून उचललेल्या माणसाकडे नेमणुकीचा कागदच नसतो, मग आपल्याला काढलं हे तो सिद्ध कशावरून करणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. बांधकाम परवान्याच्या वेळी मी खर्चाच्या एक टक्का उपकर भरला. तो पैसा बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो, त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पण नोंदणीला आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदारानं सगळ्यांच्या दाखल्यांवर सही केली, फक्त या गवंड्याच्या नाही. म्हणजे पैसे मी भरायचे, भिंत त्यानं बांधायची, आणि त्याच्या पोरीची शिष्यवृत्ती तिसऱ्यानंच अडवायची! माझ्या घराच्या कामात हे मी चालू देणार नव्हते.

शेवटचा हप्ता मी रोखून धरला. माझ्या वहीत रोजची हजेरी होती, ती समोर ठेवली. बरीच बोलाचाली झाली, "तुम्ही आमच्यात पडू नका" हेही ऐकून घेतलं. अखेर सही झाली. यादीतून मात्र त्याचं नाव निघालेलं नाही, तो आता सांगलीकडे कामाला जातो.

घर बांधायला काढणाऱ्यांनो, दर आणि मुदतीबरोबर करारात हेही लिहून घ्या: साईटवरच्या प्रत्येकाला ९० दिवसांचा दाखला मिळेल, आणि संघटनेचा म्हणून कुणाला काढणार नाही. हजेरीची वही स्वतःकडे ठेवा. परांचीच्या फळ्या स्वतः बघा. आणि हे लिहून द्यायला जो ठेकेदार तयार नसेल, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.