कोरीडोरास आणि दोन टाक्या : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे सहा पांडा कोरीडोरास आहेत, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे. पहिले तीन महिने ते ३० × ३० × ५० सेंटीमीटरच्या उभ्या टाकीत होते, गेले आठ महिने ६० × ३० × ३० च्या आडव्या टाकीत आहेत. मासे तेच, स्पंज फिल्टर तोच, खाणंही तेच. त्यामुळे त्यांच्या वागण्यात फरक कशाने पडला हे मला बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं.

आधी हिशेब. उभी टाकी ४५ लिटरची, आडवी ५४ लिटरची. फरक जेमतेम ९ लिटरचा. पण तळ बघा : पहिलीचा ९०० चौरस सेंटीमीटर, दुसरीचा १८००. बरोब्बर दुप्पट. तळाशी राहणाऱ्या माशाला हा दुसरा आकडाच कळतो; डोक्यावरचं पाणी त्याच्यासाठी बाल्कनीवरच्या आभाळासारखं. मी मात्र लिटर बघून टाकी घेतली होती, शिवाय ती कोपऱ्यात झकास बसत होती. विकणाऱ्याने वर सांगितलं, ‘टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो.’ मी मान डोलावली. लहान जागेत मासा खुरटतो, आजारी पडतो, हे नंतर वाचनात आलं.

उभ्या टाकीत सहाही जण फिल्टरमागच्या एकाच कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायचे. मला वाटलं, लाजरे असतील. संध्याकाळी खाण्याची गोळी टाकली की दोन दांडगे तिच्यावर चढून बसायचे आणि बाकीचे चौघे काचेला धडका देत वरखाली करायचे. दुसरी गोळी लांब टाकावी म्हटलं, तर लांब म्हणजे कुठे? सगळा तळच एका वितीहून थोडा मोठा.

कोरीडोरास अधूनमधून सुसाट वर येतात, हवेचा घोट घेतात आणि तितक्याच वेगाने खाली जातात. ती हवा त्यांच्या आतड्याच्या मागच्या भागातून शोषली जाते. ही त्यांची सवयच आहे, घाबरायचं कारण नाही. पण पाच सेंटीमीटरच्या माशाला त्यासाठी दर वेळी ४४ सेंटीमीटर पाणी कापावं लागत होतं. आता २४ पुरतात. (३० उंचीच्या टाकीत २४ च कसे? तळाला तीन सेंटीमीटर वाळू, वर तीन सेंटीमीटर रिकामी जागा. म्हणजे ५४ लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ४३ लिटरच. औषधाचा डोस मोजताना हाच आकडा धरा.)

वाळूने पडलेल्या फरकाचं श्रेय मात्र टाकीला देत नाही. सुरुवातीला मी टोकदार खडी घातली होती. पाचव्या आठवड्यात एकाच्या मिशा निम्म्या झालेल्या दिसल्या. खडी उपसली तर खाली कुजलेल्या खाण्याचा चिखल. नुसती टोकं नाही, ही घाणसुद्धा मिशा खाते. बारीक, गोल कणांची वाळू त्याच जुन्या टाकीत घातली आणि मिशा हळूहळू पुन्हा वाढल्या. तेव्हापासून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचं चरणं : तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसायचं, घास घ्यायचा आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडायची. मधूनच डोळा खाली फिरवतात, तेव्हा अगदी डोळा मारल्यासारखं वाटतं.

टाकी बदलताना एक चूक केली. जाळीने पकडायला गेलो आणि एकाच्या पंखाचा काटा जाळीत अडकला. कोरीडोरासच्या पाठीच्या आणि बाजूच्या पंखांना टणक काटे असतात, ओढाल तर इजा होते. शेवटी जाळी कापली. उरलेले पाच जण प्लॅस्टिकच्या डब्यात हाकलून काढले, पाच मिनिटांचं काम. जुना स्पंज न धुता तसाच नव्या टाकीत ठेवला, त्यामुळे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू आयतेच आले आणि त्याने त्रास दिला नाही. सगळं कोरं असतं तर मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे हे जिवाणू वाढवून टाकी तयार करण्यात गेले असते.

नव्या टाकीत तिसऱ्या दिवशी टोळी फुटली. तीन लाकडाखाली, दोन समोर, एक भटका. आता गोळ्या दोन टोकांना टाकतो, सगळ्यांची पोटं भरलेली दिसतात. टाकीचे दिवे मालवल्यावर सगळे मिळून काचेच्या कडेने एक फेरी मारतात. उभ्या टाकीत हे एकदाही पाहिलं नाही. सफाईही सोपी झाली. पूर्वी नळीने तळाची घाण ओढून काढताना बाही खांद्यापर्यंत भिजायची.

तक्रारी आहेतच. वरच्या पाण्यात निऑन टेट्रा जातीचे आठ छोटे मासे सोडले आणि टाकी भरली. आठवड्याला पाव पाणी बदललं तर ठीक, एक आठवडा टाळला की नायट्रेटच्या (अमोनियापासून शेवटी पाण्यात साठणाऱ्या क्षाराच्या) टेस्टचा रंग लालीकडे झुकतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांबीची टाकी सहा पांडांना पुरते, पण हयगय खपवून घेत नाही. सहाचे चार करून जागा वाचवावी म्हणाल तर नको, कमी संख्येत ते दबून राहतात.

ब्राँझ किंवा पेपर्ड जातीचे कोरीडोरास घेणार असाल तर ६० च्या नादी लागू नका. ते सहा-सात सेंटीमीटरचे आणि अंगाने भरदार होतात. निदान ७५, जमल्यास ९० सेंटीमीटर लांबी धरा. पिग्मी कोरीडोरासची गोष्ट उलटी. अडीच सेंटीमीटरचा जीव, त्यात तो मधल्या पाण्यातही पोहतो, म्हणून दहा जणांच्या टोळीला ४५ × ३० चा तळसुद्धा चालतो.

मी स्वतः ९० × ४५ च्या तळासाठी भिंतीजवळची जागा मोजून ठेवली आहे. उंची ४० धरली तरी १६२ लिटर, म्हणजे काठोकाठ भरल्यास नुसत्या पाण्याचं वजन दीडशे किलोंच्या वर. आत्ताचं टेबल ते पेलणार नाही, म्हणून अडलंय ते स्टँडवर. उभी टाकी रिकामी केलेली नाही. तिच्यात पाणवनस्पतींची रोपं वाढवतोय, आणि त्यांना उंची चांगलीच मानवली आहे.