एका ओळीचे खेळाडू: जुन्या बेसबॉलसाठी बेसबॉल-रेफरन्स कितपत कामाचं?

बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या वेबसाइटवर जॉन पचोरेकच्या पानावर कारकिर्दीची एकच ओळ आहे. १९६३, ह्यूस्टन, सामना १. पाच वेळा बॅटिंगला आला, तीन हिट, दोन वॉक (पिचरने वाईट चेंडू टाकल्याने फुकट मिळालेला बेस), चार धावा, तीन आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर निघालेल्या धावा), सरासरी १.०००, म्हणजे वॉक सोडून प्रत्येक वेळी हिट. तारीख २९ सप्टेंबर, वय अठरा. पुढे पाठीच्या दुखण्याने तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, परत आलाच नाही. बेब रूथचे आकडे कुठेही मिळतात. पण पचोरेकचं स्वतंत्र पान, तेही फुकट, आणि त्या एका सामन्याचं पूर्ण स्कोअरकार्ड एका क्लिकवर, हे मिळणं मोठी गोष्ट आहे. सीन फोरमन यांनी २००० साली सुरू केलेल्या बेसबॉल-रेफरन्सचं पहिलं श्रेय ते. १८७१ पासून एक सामना जरी कुणी खेळला असेल तरी त्याला इथे जागा आहे. काहींचं तर नुसतं आडनावच ठाऊक आहे, जन्मतारीख नाही, मृत्यूची नोंद नाही, तरी पान आहे.

मात्र जुना खेळाडू इथे शोधणं सोपं असलं तरी त्याचं पान बरोबर वाचणं तितकं सोपं नाही.

सुरुवात शोधापासून. नाव रोमन लिपीत टाकायचं. रुब फोस्टर टाकलंत तर दोन माणसं समोर येतात. एक बॉस्टन रेड सॉक्सचा पिचर (चेंडू टाकणारा), १९१३ ते १९१७, ज्याने १९१६ साली नो-हिटर टाकली, म्हणजे एकही हिट न देता पूर्ण सामना. दुसरा अँड्र्यू 'रुब' फोस्टर, ज्याने १९२० साली कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली, वर्णभेदामुळे मेजर लीगबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी. एड वॉल्शही दोन आहेत, बाप आणि लेक. म्हणून नावाशेजारची वर्षं बघूनच क्लिक करा. पानाच्या पत्त्यातला सांकेतिक क्रमांक साधा असतो: आडनावाची पहिली पाच अक्षरं, नावाची पहिली दोन आणि पुढे ०१. तोच नमुना दुसऱ्या कुणाला आधीच मिळाला असेल तर ०२. खेळाडूंची यादी करून ठेवणाऱ्यांनी नावाऐवजी हा क्रमांक लिहून ठेवावा, गल्लत होत नाही.

तक्त्यात ठळक आकडा म्हणजे त्या वर्षी त्या लीगमध्ये पहिला. ठळक आणि तिरका म्हणजे सगळ्या मेजर लीगमध्ये पहिला. ही खूण लक्षात ठेवली की अनोळखी खेळाडूचं पान दहा सेकंदांत तोलता येतं.

स्मोकी जो वूडच्या पानावर बहुतेकांची फसगत होते. वर पिचिंगचा तक्ता दिसतो: १९१२ साली ३४ विजय, ५ पराभव, १० शटआऊट (एकही धाव न देता पूर्ण केलेले सामने), २५८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). पुढच्या वर्षी ओल्या गवतावर घसरून अंगठा मोडला, मग खांदा दुखू लागला आणि आकडे आटत गेले. इथेच पान बंद केलं तर अर्धाच माणूस हाती लागतो. खाली बॅटिंगचा तक्ता आहे. तोच वूड क्लीव्हलंडमध्ये आउटफिल्डर म्हणून परतला आणि १९२१ साली ६६ सामन्यांत .३६६ ने खेळला. वॉरचा आकडा, म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा त्याने किती विजय जास्त मिळवून दिले याचा अंदाज, दोन्ही तक्त्यांत वेगवेगळा असतो. दोन्ही मिळून पाहायचे.

आता मुख्य मुद्दा: नुसते आकडे दोन काळांत तुलनेला ठेवू नका. इआरए म्हणजे पिचरने दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली. अ‍ॅडी जॉसचा कारकिर्दीचा इआरए १.८९, पेड्रो मार्टिनेझचा २.९३. कोरे आकडे पाहिले तर जॉस कितीतरी पुढे. पण शेजारच्या इआरए-प्लस रकान्यात जॉसला १४२ आणि मार्टिनेझला १५४ आहेत. या रकान्यात १०० म्हणजे त्या काळातला सरासरी पिचर, आणि मैदान धावांना किती पोषक होतं त्याचाही हिशेब धरलेला असतो. जॉसच्या काळात सगळ्यांनाच धावा काढणं जड जात होतं, मार्टिनेझच्या काळात धावांचा पूर होता. बॅटरसाठी हेच काम ओपीएस-प्लस करतो, बेसवर पोचणं आणि फटक्यांची ताकद एकत्र धरून. जुन्या खेळाडूची थोरवी सांगताना हे दोन रकाने आधी, बाकीचं नंतर.

वॉरही सर्वज्ञ नाही. एका मोसमातल्या वॉरची यादी उघडली की वरच्या जागा १८८० च्या दशकातल्या पिचर्सनी अडवलेल्या दिसतात. चार्ल्स 'ओल्ड हॉस' रॅडबर्नने १८८४ साली ६७८ इनिंग्जहून जास्त पिचिंग केलं. तेव्हा पिचर ५० फुटांवरून टाकत असे, आजचं साठ फूट सहा इंचांचं अंतर १८९३ पासूनचं. इतक्या इनिंग्ज टाकल्या की वॉर फुगणारच. तिथे वॉर त्याच दशकातल्या पिचर्समध्येच ताडून पाहावा.

रॉस बार्न्सचं पान म्हणजे या साइटची ताकद आणि मर्यादा एकाच जागी. १८७६, नॅशनल लीगचं पहिलं वर्ष, शिकागो, सरासरी .४२९, ठळक. १८७७, फक्त २२ सामने, .२७२. मधे काय झालं? तेव्हा चेंडूचा पहिला टप्पा मैदानाच्या रेषेच्या आत पडला आणि मग तो बेसच्या अलीकडेच बाहेर गेला तरी तो फेअर, म्हणजे ग्राह्य, धरत. बार्न्स हा फटका मुद्दाम आणि अचूक मारायचा. १८७७ साली नियम बदलला, म्हणून तो संपला असं सर्रास सांगतात. पण त्याच वर्षी तो आजारी पडला होता, आणि आजारपणातल्या पगारासाठी क्लबवर दावाही लावला होता. २२ सामने का, याचं उत्तर आजारात आहे, निव्वळ नियमात नाही. तक्त्यात मात्र यातलं अवाक्षर नाही.

रिकामा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नवखे इथेच चुकतात. हर्ब वॉशिंग्टन हा धावपटू, १९७४-७५ मध्ये ओकलंडने त्याला फक्त दुसऱ्याच्या जागी बेसवर पळायला ठेवलं. १०५ सामने, ३३ धावा, ३१ चोरलेले बेस, आणि बॅटिंगला आल्याची संख्या शून्य. हे शून्य खरं आहे. उलट एकोणिसाव्या शतकातल्या खेळाडूच्या ओळीत बेस चोरताना बाद होण्याचा रकाना कोरा दिसला तर तो कधी बाद झालाच नाही असं नव्हे, कुणी मोजलंच नव्हतं. आरबीआय अधिकृतपणे मोजायला लागले १९२० पासून, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरची नोंद) १९६९ पासून, सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी धाव मिळवून देणारा फटका) आजच्या रूपात वेगळे नोंदले गेले १९५४ पासून. त्याआधीचे आकडे दिसतात ते नंतर जुन्या कागदांवरून काढलेले. घरच्या आणि परक्या मैदानावरची विभागणी बघतानाही हीच काळजी घ्या. जितके सामने तपशिलासह सापडले तितक्यांचीच ती असते, त्यामुळे बेरीज कारकिर्दीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही.

इथले आकडे मेजर लीगच्या अधिकृत आकड्यांपासून काही ठिकाणी फारकत घेतात. टाय कॉबचे हिट अधिकृत नोंदीत ४,१९१, इथे ४,१८९. १९१० सालचा एक सामना, ज्यात त्याने तीनपैकी दोन हिट मारले, दोनदा मोजला गेला होता. चूक संशोधकांनी दाखवून दिली, पण मेजर लीगचे कमिशनर बोवी कून यांनी १९८१ साली अधिकृत नोंद बदलायला नकार दिला. चूक दुरुस्त केली तर त्या वर्षीच्या बॅटिंगच्या शर्यतीत नॅप लाजोई कॉबच्या पुढे जातो. कॅप अ‍ॅन्सनचे हिट इथे ३,४३५ आणि अधिकृत ३,०११, कारण इथे १८७१ ते १८७५ ची नॅशनल असोसिएशन धरली आहे, आणि १८८७ साली वॉकलाही हिट म्हणत असत तो हिशेबही वेगळा. या बाबतीत बेसबॉल-रेफरन्सची बाजू योग्य वाटते, चूक कळल्यावर ती जपून ठेवण्यात काय अर्थ? पण आकडा लिहिताना कुठला घेतला ते लिहा.

सगळ्यात मोलाचं काम झालं जून २०२१ मध्ये. मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग्जना मेजर दर्जा दिला, आणि काही महिन्यांत या साइटने ते आकडे मुख्य पानांत मिसळले. सॅचेल पेजचं पान उघडा. आधी मुख्य तक्त्यात उरला होता तो बेचाळिसाव्या वर्षी क्लीव्हलंडला आलेला पिचर, २८ विजय आणि ३१ पराभवांचा. आता त्याच्या वर १९२० आणि ३० च्या दशकांतल्या ओळी आहेत, आणि तळाला १९६५ ची ती ओळ, एकोणसाठाव्या वर्षी तीन इनिंग्ज. पान पाहताच अन्याय किती वर्षांचा होता ते दिसतं.

निग्रो लीग्जमधल्या जॉश गिब्सनच्या पानावर मात्र थांबून वाचा. मे २०२४ मध्ये मेजर लीगने आपल्या नोंदी जोडल्या तेव्हा कारकिर्दीची सरासरी .३७२ धरून तो कॉबच्या पुढे पहिला झाला, आणि १९४३ च्या .४६६ ने एका मोसमाचा विक्रमही त्याच्याकडे आला. हिशेब रास्त आहे, पण पाया लहान आहे: गिब्सनचे सुमारे ६०० सामने, कॉबचे ३,००० च्या वर. लीगचा मोसमच साठ-ऐंशी सामन्यांचा, पोट भरायचं ते गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांवर, आणि ते इथे धरलेले नाहीत. म्हणून कूपरस्टाऊनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्याच्या फलकावर जवळजवळ ८०० होमरन लिहिलेत आणि इथे दोनशेच्या आत दिसतात. दोन्हींत विरोध नाही, मोजण्याचा आवाका वेगळा आहे. शिवाय त्या काळातली सुमारे तीन-चतुर्थांश स्कोअरकार्डंच हाती आली आहेत. नवं सापडलं की सरासरी हलते, तेव्हा आकडा उतरवून घेताना तारीख टाकून ठेवा.

१९२० च्या आधीचे कृष्णवर्णीय खेळाडू ही इथली ठळक उणीव. रुब फोस्टरची पिचर म्हणून ऐन भराची वर्षं, पीट हिलचा बराचसा काळ, मुख्य तक्त्यात नाही. त्यासाठी सीमहेड्स या दुसऱ्या साइटचा निग्रो लीग्जचा डेटाबेस उघडा. तिथे क्यूबातले मोसमही आहेत. या साइटचे निग्रो लीग्जचे आकडेही मुळात तिथलेच.

किरकोळ सोयींपैकी 'सारखे खेळाडू' ही यादी मनोरंजक आहे, पण तिचं सूत्र काळ आणि मैदान बघत नाही, म्हणून तिच्यावरून थोरवी ठरवू नका. हॉल ऑफ फेमसाठीचा जॉज आकडा, म्हणजे कारकिर्दीचा वॉर आणि सर्वोत्तम सात मोसमांचा वॉर यांची सरासरी, जास्त भरवशाचा. फोनवर तक्ते आडवे सरकवत बसावं लागतं आणि जाहिराती मधे येतात, जुन्या खेळाडूंचं काम संगणकावरच करावं. तक्त्यावरच्या 'शेअर अँड एक्स्पोर्ट' मेन्यूतून तो सीएसव्हीमध्ये घेता येतो. स्टॅटहेड हा सशुल्क भाग 'एकच सामना खेळून तीन हिट मारणारे कोण' असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी. एकेक खेळाडू वाचणाऱ्याला त्याची गरज नाही.

तक्ता मुका होतो तिथे वरच्या माहितीतला सेबर (बेसबॉल संशोधकांची संस्था) बायोप्रोजेक्टचा दुवा दाबा. संशोधकांनी लिहिलेली चरित्रं, तीही फुकट. अ‍ॅडी जॉसची ओळ १९१० ला संपते, वय तीस. चरित्रात कळतं की एप्रिल १९११ मध्ये तो क्षयजन्य मेंदूज्वराने गेला, आणि जुलैत अमेरिकन लीगच्या निवडक खेळाडूंनी क्लीव्हलंडविरुद्ध सामना खेळून त्याच्या कुटुंबासाठी सुमारे १३,००० डॉलर उभे केले. हॉल ऑफ फेमची दहा मोसमांची अट त्याच्यासाठी शिथिल केली आणि १९७८ साली त्याला घेतलं. सामन्यागणिक तपशील हवा तर रेट्रोशीट, डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ साली सुरू केलेलं, तेही मोफत.

बेसबॉल-रेफरन्स, सेबर आणि रेट्रोशीट तिन्ही एकत्र वापरून पाहायचं असेल तर विल्यम एडवर्ड व्हाइटपासून सुरू करा. २१ जून १८७९, प्रॉव्हिडन्स, सामना १, चारपैकी एक हिट. मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोकडून ४२ सामने खेळला त्याच्या पाच वर्षं आधी, आणि वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या अडुसष्ट वर्षं आधी. व्हाइट हा गुलामगिरीत जन्मलेला, गोऱ्या मालकाचा मुलगा होता हे संशोधकांनी जनगणनेच्या कागदांतून शोधून काढलं. तक्त्यात त्याची ओळ शेजारच्या कुठल्याही ओळीसारखीच दिसते.