सीयूईटीची सामान्य कल चाचणी: प्रकरणवार पुस्तक की मिश्र प्रश्नपत्रिका?

सीयूईटी म्हणजे केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा. तिच्यातल्या सामान्य कल चाचणीत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी येतात. बारावीच्या वर्षात या चाचणीच्या वाट्याला येतो तो उरलासुरला वेळ. बोर्ड, प्रॅक्टिकल आणि निवडलेले विषय यांतून सुटेल तेवढाच. तो कशावर घालवायचा यावर दोन मतं आहेत. अंकगणित-बुद्धिमत्तेचं जाडजूड पुस्तक एकेक प्रकरण करत संपवा, असं काही जण सांगतात. बाकीचे म्हणतात, थेट मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पुस्तकाची बाजू कमजोर नाही. मराठीत ही पुस्तकं मुबलक मिळतात. मुळात ती भरतीच्या परीक्षांसाठी लिहिलेली असतात, म्हणून नळ-टाकी, शेकडेवारी, नातेसंबंध, बैठक व्यवस्था सगळं त्यांत असतं. काही प्रकार तर पुस्तकाशिवाय बसतच नाहीत. दिनदर्शिकेचंच बघा. 1 जानेवारी 2024 ला सोमवार होता, 2025 ला बुधवार आणि 2026 ला गुरुवार. एकदा दोन वार पुढे आणि एकदा एकच, हे का, ते लीप वर्षाची पाच-पंचवीस उदाहरणं एका बैठकीत केली की हाताला कळतं. अपूर्णांक पाहून पोटात गोळा येत असेल तर पुस्तकच घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मला पुस्तकाचा एकाच गोष्टीने वैताग आला: प्रकरणाचं नाव. ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं असतं आणि नजरेआड करता येत नाही. ‘जाताना ताशी 40 किमी, त्याच रस्त्याने येताना ताशी 60 किमी, तर सरासरी वेग किती?’ ‘सरासरी वेग’ या प्रकरणात, सूत्राच्या चौकटीखाली हा प्रश्न आला की कुणीही डोळे मिटून 48 लिहील. हाच प्रश्न एका नातेसंबंधाच्या प्रश्नानंतर आणि चालू घडामोडींच्या प्रश्नाआधी आला की हात सरळ 50 कडे जातो. आणि 50 हा पर्याय तिथे असतोच, पेपर काढणारा काही भोळा नसतो. बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकलं तर 1 वजा, म्हणजे या एका प्रश्नात 6 गुणांचा फरक.

सूत्र दोन्ही वेळा पाठच असतं. हा प्रश्न कोणत्या घरातला, हे ओळखण्याचं काम मात्र प्रकरण तुमच्या वतीने आधीच करून ठेवतं. माझ्या अनुभवात चाचणीतलं निम्मं काम तेच आहे. पुस्तकातली उदाहरणं मला धडाधड येत होती, प्रश्नपत्रिका लावली की अडखळायला व्हायचं. मिश्र प्रश्नपत्रिका नेमाने सुरू केल्यावर हे अडखळणं कमी झालं. मोजमाप केलेलं नाही, पण फरक मला जाणवला.

दुसरी सवय लागते ती सोडून देण्याची. 50 प्रश्न आणि 60 मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. आठ जण गोल टेबलाभोवती बसले आहेत, त्यातले तिघे केंद्राकडे पाठ करून, हे वाचल्यावर आकृती काढायला घ्यायची की पुढे सरकायचं, हा निर्णय पुस्तक कधी घ्यायलाच लावत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिकांनाही दोष आहेत. त्यांतल्या चालू घडामोडी शिळ्या झालेल्या असतात, ते प्रश्न सरळ गाळा. 2023 आणि 2024 च्या प्रश्नपत्रिकेत 60 पैकी 50 सोडवायचे होते. 2025 पासून 50 प्रश्न आणि सगळेच अनिवार्य. त्यामुळे जुनी प्रश्नपत्रिका सोडवताना आवडीचे 50 निवडत बसलात तर गुण फुगलेले दिसतील. पहिले 50 घ्या आणि गप सोडवा. उत्तरं तपासताना स्पष्टीकरण मिळेलच असं नाही, तिथे पुन्हा पुस्तकाकडेच यावं लागतं, हेही कबूल.

मोबाइलवरच्या सशुल्क टेस्ट सिरीजबद्दल फार बोलत नाही. काहींना रँक दिसली की हुरूप येतो, मला यायचा नाही. परीक्षा संगणकावर असते, त्यामुळे पडद्याची सवय मात्र हवी. आकृतीवर पेन्सिल चालत नाही, सगळं कच्च्या कागदावर उतरवून घ्यावं लागतं. बोर्ड संपल्यावर मे महिन्यापर्यंतच्या काळात तेवढं जमतं.

अकरावीत असाल आणि वर्ष हाताशी असेल तर प्रकरणवार जायला माझी हरकत नाही. बारावीचे काहीच महिने उरले असतील तर मी प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात करेन आणि जो प्रकार सारखा चुकतोय तेवढंच प्रकरण उघडेन. पुस्तक विकत घ्यायचंच असेल तर दुकानात आधी शेवटची पानं उलटून बघा. मिश्र सराव प्रश्नपत्रिका जास्त असतील ते घ्या, प्रकरणं दोन-चार कमी असली तरी.